सेल्फच्या शोधात उद्यमनगर

बॅटरीच्या विजेवर फिरून इंजिनाला पहिला फेरा देणारी जी छोटी मोटर असते, तिला कारखान्याच्या पुस्तकात स्टार्टर म्हटलेले असले तरी कोल्हापूर जिल्ह्यात तिचे रूढ नाव ‘सेल्फ’ हे आहे. मूळच्या ‘सेल्फ-स्टार्टर’ या जोडशब्दातला ‘स्टार्टर’ कालांतराने गळून पडला आणि ‘सेल्फ’ तेवढा उरला. हा फेरफार जुन्या ट्रॅक्टरच्या प्रकृतीशी इतका जुळतो की तो भाषापंडितांनी नव्हे, मेस्त्रींनीच केला असावा असे मानण्यास जागा आहे. १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर बसेपर्यंत मोटार सुरू करणे म्हणजे पुढून हँडल मारणे आणि उलट झटका बसल्यास मनगट गळ्यात बांधून हिंडणे असे. डिझेल इंजिनात तर हवा सुमारे सोळाव्या-सतराव्या हिश्शाइतकी दाबली जात असल्याने ट्रॅक्टरला हाताने फेरा देण्याचा विचार तालमीतला गडीही सहसा बोलून दाखवत नाही.

सेल्फ गेलेला ट्रॅक्टर उतारावर उभा करण्याची रीत आहे. ब्रेक सोडून, क्लच दाबून, गिअर टाकून तो गडगडू द्यावा आणि वेग आला की क्लच सोडावा, म्हणजे चाके इंजिनाला फिरवतात आणि ते सुरू होते. पन्हाळा किंवा राधानगरी तालुक्यात निसर्गाने ही सोय मुबलक केली असली तरी शिरोळ तालुका कृष्णा-पंचगंगेच्या गाळाने सपाट करून टाकला आहे, आणि तेथे जो काही उतार सापडतो तो बहुधा थेट नदीकडे जातो. त्यामुळे इंजिन पाण्याच्या आत सुरू होणार की पाण्याच्या अलीकडे, एवढाच प्रश्न उरतो. उतार टाळून ट्रॅक्टर ढकलायचा तर आठ माणसे लागतात, आठ माणसांना चहा लागतो, आणि एका हंगामाच्या चहाचा हिशोब मांडला असता तो नव्या सेल्फच्या किमतीजवळ जाऊ लागतो. शिवाय २००५ आणि २०१९ च्या महापुरांनी दाखवून दिले आहे की ज्या दिवशी गावातली माणसे-जनावरे हलवण्यासाठी ट्रॅक्टर खरोखर लागतो, त्या दिवशी उतारही पाण्याखाली असतो आणि ढकलणारेही. म्हणून १९६० च्या दशकातील मॅसी फर्ग्युसन ३५ चा मालक अखेर एके सकाळी सेल्फ खोलून युरियाच्या पोत्यात घालतो आणि कोल्हापूरची एसटी धरतो.

या प्रवासातला पहिला शास्त्रार्थ वाहकाशी होतो. “पोत्यात काय हाय?” या प्रश्नाला “सेल्फ” असे उत्तर मिळाल्यावर ती वस्तू सामान ठरते की प्रवासी, याविषयी वाहकाच्या चेहऱ्यावर जी शंका उमटते ती शब्दाच्या अर्थापेक्षा पोत्याच्या वजनाने दूर होते आणि लगेजचे तिकीट फाटते. जयसिंगपूर, हातकणंगले मागे टाकून गाडी शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीपाशी येते, तेव्हा उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे नवे ट्रॅक्टर सांगली फाट्यावर वाट अडवून उभे असतात आणि चावी फिरवताच सुरू होतात. पोते मांडीवर धरलेल्या माणसाने हे दृश्य किती वेळ पाहावे याला मर्यादा आहे. त्याच खिडकीतून फाउंड्र्याही दिसतात. फाउंड्री म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतणारा कारखाना. येथील ओतकाम देशभरच्या वाहन आणि ट्रॅक्टर कारखान्यांना जात असल्यामुळे, गावात अडून बसलेल्या यंत्राचा एखादा नातलग याच मातीच्या साच्यातून निघालेला असण्याचा पुष्कळ संभव असतो. मात्र नातलग असले म्हणजे उपयोगी पडतातच असे नाही.

बसस्थानकापासून शिवाजी उद्यमनगर फारसे दूर नाही. शेतीपंपाची आणि गुऱ्हाळाची ऑइल इंजिने दुरुस्त करता करता ती स्वतःच बनवू लागलेल्या म्हादबा मेस्त्रींसारख्या कारागिरांची परंपरा या वस्तीला लाभली आहे. ज्या शहरात बाबूराव पेंटर यांनी १९२० च्या ‘सैरंध्री’ या चित्रपटासाठी लागणारा कॅमेराही घरचाच तयार केला, तेथे वस्तू मिळत नाही ही तक्रार समजली जात नाही, तिला कामाची सुरुवात समजतात. नवखा प्रवासी मात्र पार्वती टॉकीजच्या आसपासच्या पहिल्याच दुकानात कागदावर उतरवून आणलेला पार्ट नंबर वाचून दाखवण्याची चूक करतो. दुकानदार तो नंबर शांतपणे ऐकून घेतो आणि विचारतो, “मॉडेल कुठलं?” हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही, कारण १९५९ साली फरिदाबादला आयशर, १९६० साली मद्रासेत मॅसीसाठी टाफे, १९६३ साली मुंबईला बी-२७५ साठी इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी आणि १९७१ साली पिंजोरला एचएमटी झेटर अशी जी ट्रॅक्टरांची घराणी देशात उभी राहिली, त्यांतल्या प्रत्येकाचे सेल्फ वेगळे असून गावोगावच्या मेस्त्रींनी त्यांच्यात आंतरजातीय विवाहही लावून दिलेले असतात. म्हणून दुकानदाराचा दुसरा प्रश्न हाच खरा प्रश्न होय: “जुना आणलाय न्हवं?”

उद्यमनगरचे सारे प्रमाणशास्त्र या एका वाक्यात आहे. येथे नंबर ऐकीव पुरावा ठरतो आणि मोडका नमुना प्रत्यक्ष. पोते उघडताच दुकानदार पिनियन, म्हणजे सेल्फच्या टोकाचे छोटे दातेरी चाक, अंगठ्याच्या नखाने मोजू लागतो. दात पाहून आदत, दुसा, चौसा करत बैलाचे वय ठरवणारा वडगावच्या बाजारातला व्यापारी आणि “नऊ दाती हाय का धा दाती?” असे पुटपुटणारा हा गृहस्थ एकाच विद्यापीठाचे पदवीधर वाटतात. मोजणी संपल्यावर तो “हितं न्हाई, फुडं इचारा” असे सांगतो, आणि त्याच्या जोडीला चहाही सांगतो. पुढच्या दुकानात पुन्हा नख, पुन्हा दात, पुन्हा चहा. अशा रीतीने वाचवलेल्या चहाचा हिशोब दुपारपर्यंत फिटतो.

अखेर सेल्फ एका ऑटो इलेक्ट्रिशियनच्या बाकावर पोचतो. तो कार्बन ब्रश, म्हणजे फिरत्या आर्मेचरला वीज पोचवणारे कोळशाचे तुकडे, बदलतो. दांड्याला आधार देणाऱ्या झिजलेल्या बुशाच्या जागी शेजारच्या लेथवर गनमेटलचा बुश अर्ध्या तासात कातून घेतो. आणि मग बेंडिक्सकडे वळतो. बेंडिक्स म्हणजे आटे पाडलेला दांडा: मोटर फिरली की पिनियन या आट्यांवरून सरकत जाऊन फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनाच्या जड चाकाच्या, कडेवरील दातेरी रिंगेत अडकते आणि इंजिन सुरू होताच मागे फेकली जाते. पिनियनचे चावलेले दात पाहून इलेक्ट्रिशियन निदान करतो, “सेल्फ बरा हाय पाव्हणं, रिंग गेलीया.” कारण तीन सिलिंडरचे इंजिन बंद पडताना आतल्या दाबामुळे ठरावीक तीन जागांपैकीच एखादीवर थांबते, तेथलेच दात वर्षानुवर्षे पिनियनचे घाव सोसतात आणि उरलेले दात लग्नातल्या भांड्यांसारखे कोरे राहतात. उपाय सोपा आहे: रिंग तापवून उतरवायची, थोडी फिरवायची आणि पुन्हा तापवून बसवायची, म्हणजे निवताना ती आवळते. अडचण एवढीच की १९१७ च्या फोर्डसनपासून ट्रॅक्टरला बहुधा वेगळी चौकट नसते, इंजिन आणि गिअरबॉक्स हेच त्याचे कणे. तेव्हा रिंगेपर्यंत पोचायचे तर ट्रॅक्टर मधोमध दोन भागांत उघडावा लागतो, आणि तो ट्रॅक्टर पन्नासेक किलोमीटरवर नदीच्या वाटेवर, चाकाखाली दगड लावून उभा असतो.

परतीच्या गाडीत पोत्याबरोबर मेस्त्रीही असतो आणि या खेपेला लगेजवर वाद होत नाही. दोन दिवसांनी ट्रॅक्टर पहिल्याच दाबाला सुरू होतो, आठही माणसे चहाला येतात, आणि रात्री मालक तो पुन्हा उतारावरच नेऊन उभा करतो. दगडही तोच असतो. चावलेली जुनी पिनियन मात्र भंगारात जात नाही. पुढल्या खेपेला उद्यमनगरात काय विचारतील हे ठाऊक असल्यामुळे ती धुऊन, पुसून, तेल लावून देवघराशेजारच्या कोनाड्यात ठेवली जाते.