बदामाची धार

मी मूळची कोल्हापूरची. आमच्या गंगावेशीत म्हशी येऊन उभ्या राहतात, गवळी गिऱ्हाइकासमोर धार काढतो आणि फेसाळलेला ग्लास तसाच हातात देतो. लहानपणी वडील मला तिथे न्यायचे आणि ग्लास रिकामा झाल्याशिवाय घरी आणायचे नाहीत. अशा गावच्या मुलीला एकावन्नाव्या वर्षी पुण्यातल्या एका डॉक्टरांनी सांगितलं, "दूध बंद करा."

"चहातलं?"

"चहातलंही."

कारण त्यांनी नीट समजावून दिलं. दुधात लॅक्टोज नावाची साखर असते, ती पचवायला लॅक्टेज नावाचं एन्झाइम लागतं, आणि लहानपण सरलं की पुष्कळांच्या आतड्यात ते कमी कमी होत जातं. जगातल्या बहुतेक मोठ्या माणसांचं असंच असतं म्हणे. मला त्यात काही दिलासा वाटला नाही. जगातली बहुतेक माणसं कोल्हापूरची नाहीत.

भावाला फोन केला. घरात काही बरंवाईट झाल्यासारखा तो जरा वेळ गप्पच राहिला. मग म्हणाला, "मग आता काय पितीस?"

"बदामाचं दूध."

"बदामाचं? आणि धार कुठनं काढतीस?"

चहा सुटला तो सुटलाच. कोरा चहा मी फक्त तापात पिते. राहता राहिली कॉफी. मुलगी म्हणाली, "आई, तू मोका कर. कॉफीत कोको घालायचा. हेल्दी असतं."

सासूबाई पेपर वाचत होत्या. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "मोक्का? तो गुंडांना लावतात ना?"

हा मोका म्हणजे येमेनमधलं एक बंदर, तिथून पूर्वी कॉफी जगभर जायची, आपल्याकडे बाबा बुदन यांनी सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या असं सांगतात तेही तिथूनच, वगैरे मी सांगून पाहिलं. सासूबाई म्हणाल्या, "असेल. पण दुधाशिवाय चॉकलेट कधी कोणी प्यालंय का?"

प्यालंय की! चॉकलेटच्या घरात दूध ही अगदी अलीकडची सून. माया आणि ॲझ्टेक लोक कोको पाण्यातच कालवायचे, त्यात मिरची घालायचे आणि फेस यावा म्हणून उंचावरून एका भांड्यातून दुसऱ्यात ओतायचे. हॉलंडमधल्या व्हान हाउटन घराण्याने १८२८ साली कोकोतलं लोणी दाबून काढायची युक्ती केली तेव्हा कुठे आपल्या डब्यातली भुकटी जन्माला आली, आणि दूध घातलेलं चॉकलेट स्वित्झर्लंडच्या डॅनियल पीटरने केलं ते १८७५ च्या सुमारास. एवढं ऐकून नवरा म्हणाला, "म्हणजे आपण मागे चाललोय." ओतायची पद्धत मीही एकदा करून पाहिली. फेस आला. ओट्यावर, फरशांवर आणि मनीप्लांटवर.

पण ते नंतरचं. आधी बदाम. पंचवीस बदाम रात्री भिजवले, सकाळी सोलले, मिक्सरमधून काढले आणि धुतलेल्या पंच्यातून पिळले. पांढरंशुभ्र दूध आलं, अगदी फोटो काढण्यासारखं. फोटो भावाला पाठवला. मग ते फ्रीजमधून काढून थेट कढत कॉफीत ओतलं आणि माझ्या डोळ्यांदेखत कपात ढग जमले. कॉफी आंबट असते आणि वरून गरम; बदामातलं प्रथिन दोन्ही बाजूंनी मार खाऊन गोळा होतं. आधी कोमट करून घ्यायचं आणि कॉफी हळूहळू त्यात सोडायची, हे मला पंचवीस बदाम गेल्यावर कळलं.

मग मुलीने ओट्स घेतले. भिजवून, फिरवून, गाळून. गार होतं तोवर ते थेट दुधासारखं दिसत होतं. गॅसवर ठेवलं आणि बघता बघता त्याची खळ झाली, लहानपणी पतंगाला लावायचो तशी. ओट्समधला स्टार्च तापला की फुगतो. कारखान्यात म्हणे आधी एन्झाइम घालून तो मोडून घेतात. आमच्याकडे एन्झाइमचीच तर टंचाई.

हा प्रयोग खरं तर आपल्याकडे फार पूर्वी होऊन गेलाय. द्रोणाचार्यांच्या घरी दूध नव्हतं, म्हणून अश्वत्थाम्याला पिठाचं पाणी दिलं आणि तो दूध प्यालो म्हणून नाचला. आता तसं चालत नाही. वनस्पतीपासून केलेल्या पेयाच्या खोक्यावर दूध हा शब्द छापू नका, असं अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२१ साली बजावलंय. अश्वत्थामा आज असता तर मागची बारीक अक्षरं वाचून मगच नाचला असता.

सोयाबीनचं एकदाच केलं. त्याविषयी काही लिहीत नाही.

हे सगळं सासूबाई खुर्चीतून बघत होत्या. त्या रत्नागिरीच्या. सोयाबीनच्या दुसऱ्या दिवशी त्या उठल्या, विळी मांडली आणि नारळ खवायला बसल्या. खोबऱ्यावर कोमट पाणी, मिक्सर, पंचा. पहिल्या पिळाचं दाट दूध एका पातेलीत, दुसऱ्याचं पातळ दुसरीत. "उकळू नकोस, फुटतं. नुसतं कढत कर." पंधरा दिवस मी जे शिकत होते ते त्यांना सोलकढीमुळे साठ वर्षं माहीत होतं. "आधी का नाही सांगितलंत?" "तुम्ही दूध म्हणत होतात. आम्ही ह्याला रस म्हणतो."

आता माझी कृती ठरली आहे. दीड चमचा कोको आणि सुपारीएवढा गूळ पेल्यात घ्यायचा, त्यावर चमचाभर गरम डिकॉक्शन घालून गंधासारखं घोटायचं. कोको एकदम पाण्यात टाकला तर वर तरंगत बसतो आणि आत कोरड्या गुठळ्या राहतात. घोटून चकाकी आली की उरलेलं अर्धी वाटी डिकॉक्शन, मग पाऊण वाटी रस. चिमूटभर मीठ, कडवटपणा खाली बसतो. गुळाने दूध नासण्याची आयुष्यभराची भीती इथे नाही, कारण नासायला दूधच नाही. मला हे सुचलं तेव्हा पहिल्यांदा दूध सुटल्याचं बरं वाटलं.

पहिला पेला सासूबाईंना दिला. त्यांनी घोट घेतला, जिभेवर घोळवला. "हा खापरोळीचा रस आहे. तू त्यात कोळसा घातलायस." आणि पेला संपवला. मुलीने फोनवर हिशेब करून सांगितलं की नारळात चरबी किती असते, आणि "हेल्दी" हा शब्द तिने त्यानंतर वापरला नाही.

राहिला चोथा. बदामाचा, नारळाचा, रोजचा वाटीभर. सासूबाईंच्या राज्यात काही टाकत नाहीत; तो डब्यात साठत गेला. परवा दुपारी त्यांनी बशी पुढे केली. पांढऱ्या, लुसलुशीत वड्या. "तुझ्या त्या चोथ्याच्या." मी दोन खाल्ल्या. मग तिसरी.

"आई, काय घातलंत यात?"

"काही नाही गं. साखर, वेलची."

"मग इतक्या मऊ कशा?"

"थोडा खवा. दूध मात्र थेंबभर नाही हो, तुला चालत नाही ना."