नीट न पडलेली राजधानी

नारायणगाव-मंचर पट्ट्यातल्या खत-औषधांच्या दुकानदारानं वर्षाचं टार्गेट गाठलं, की कंपनी त्याला खूश होऊन बँकॉक-पटायाला नेते. त्या सहलीत एखादा दिवस अयुथयाचाही असतो. बाकीच्या दिवसांचे फोटो घरी दाखवण्याजोगे असतातच असं नाही, म्हणून अयुथयाचे जरा जास्तच काढले जातात. बँकॉकच्या उत्तरेला 80 किलोमीटरवरची ही सयामची राजधानी 1350च्या सुमारास वसली आणि 1767 मध्ये ब्रह्मी फौजेनं जाळली. विटांचे काळवंडलेले मनोरे, ओळीनं बसलेले बिनडोक्याचे बुद्ध, वट महाथातमध्ये झाडाच्या मुळांत अडकलेलं ते प्रसिद्ध बुद्धमस्तक. इथे काहीतरी मोठं होतं आणि ते मोडलं, हे सांगायला गाइड लागत नाही. परतल्यावर मंडळी हळहळतात, ‘आपल्याकडे असलं काही नाही बुवा.’ आहे की! जुन्नर ही राजधानीच होती. फक्त ती नीट पडली नाही, आणि पर्यटनाच्या धंद्यात हा गुन्हा अक्षम्य आहे.

भग्नावशेष म्हणून नाव कमवायचं तर शहरानं एका दणक्यात पडावं आणि लोकांनी मुकाट्यानं उठून जावं. अयुथयानं हा नियम पाळला. राजधानी बँकॉकला गेली आणि जाताना जुन्या भिंतींच्या विटासुद्धा नव्या बांधकामाला नेल्या. जुन्नरनं मात्र सगळा घोळ केला. सातवाहनांच्या काळात नाणेघाट चढून आलेला माल इथे उतरत होता, भोवतीच्या डोंगरांत दोनशेच्या वर लेणी खोदली गेली. पुढे 1490 मध्ये मलिक अहमदनं निजामशाही उभी केली तीही इथूनच. मग चारच वर्षांत त्यानं अहमदनगर वसवलं आणि दरबार तिकडे हलवला. दरबार गेला, बाजार राहिला. आणि मागे जे उरलं त्याला गावानं रिकामं बसू दिलं नाही. लेण्याद्रीच्या बौद्ध विहारात मधल्या दोन खोल्या एक करून गिरिजात्मज बसला. तुळजा लेण्यात बारा खांबांचा गोल चैत्य आहे, तसा दुसरा शोधून सापडायचा नाही. तिथे शेजारच्या खोलीत देवी आली. रिकामी खोली दिसली की देव बसवायचा, ही आपली जुनी खोड. शिवनेरीच्या पोटातही लेणी आहेत, पण 1630 मध्ये तिथे जे घडलं त्यानंतर लेण्यांकडे कोण बघतो? त्याच 1630 मध्ये अयुथयात प्रासात थोंग राजा वट चैवत्थनाराम बांधायला काढत होता. आज तिथे भाड्याचे दरबारी पोशाख घालून फोटो काढतात. शिवनेरीवर पोशाख घरून आणावा लागतो.

‘पण बघायला काय आहे?’ हा आक्षेप नाणेघाटात जोरात येतो. तिथल्या गुहेच्या मागच्या भिंतीवर सातवाहन घराण्याची चक्क कौटुंबिक तसबीर कोरली होती: सिमुक, सातकर्णी, राणी नागनिका, राजकुमार, महारठी. आज डोक्यांच्या जागी कोरलेली नावं दिसतात, खाली कुठे कुठे पायांच्या खुणा, आणि मधला सगळा राजवंश गायब. अयुथयातल्या बुद्धांची नुसती डोकी गेली तर जग हळहळतं. इथे डोक्यापासून घोट्यापर्यंत सगळंच गेलं, तरी कुणी हूं की चूं करत नाही. बाजूच्या भिंतींवरच्या ब्राह्मी लेखात यज्ञांच्या दक्षिणेचा हिशेब आहे: हजारांनी गाई, घोडे, हत्ती, कार्षापणं. आपल्या अंकांच्या इतिहासात ह्या लेखातल्या आकड्यांना मोठा मान आहे. म्हणजे बघायला आहे ती खातेवही, आणि तीही दोन हजार वर्षांपूर्वीची. दुकानदाराला ह्याहून जवळचं काय असणार?

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. वापरामुळे वास्तूचं मूळ रूप जातं. विहाराचा देव्हारा झाला की भिक्षू कुठे राहत होते हे भाविकाला कुणी सांगत नाही, आणि पुरातत्त्व खात्याचं तिकीट त्याला दर्शनाची पावती वाटते. हे मान्यच. अयुथयातही पूजा चालते, बुद्धांना भगवी वस्त्रं नेसवतात, तरी पडकं कुठलं आणि चालतं कुठलं, हे तिथे येणाऱ्याला कळतं. जुन्नरात तेवढ्या पाट्या लागल्या तरी गणपती रागावणार नाही. पण म्हणून सगळं रिकामं करून कुंपण घालावं, हा उपाय मला पटत नाही. ओसाडीनंच वास्तू टिकते असंही नाही. नाणेघाटातल्या राजांची पूजा कुणी केली नव्हती, तरी ते गेलेच. आणि शिस्तीत रिकामं झालेलं गाव हवंच असेल तर शेजारी आंबेगाव आहे. तालुक्याला नाव देऊन ते डिंभे धरणाच्या पाण्यात गेलं आणि कचेऱ्या घोडेगावात राहिल्या. तिथे सहल न्यायची कल्पना अजून कुठल्या कंपनीला सुचलेली नाही.

पावसाळ्यातल्या रविवारी नाणेघाटात तुफान गर्दी असते, ती उलट्या धबधब्यासाठी. नागनिकेकडे सगळ्यांची पाठ. मग सर येते, भाजलेली कणसं हातात धरून मंडळी पळत गुहेत शिरतात आणि राजघराण्याच्या नावांखाली दाटीवाटीनं उभी राहतात. घाट चढून आलेल्या दमल्या माणसाला टेकायला जागा म्हणूनच ही गुहा खोदली, असं अभ्यासक मानतात.