लाइट बिलाचं काय, बघून घेऊ

गाळा भाड्याने देताना अनामत, भाडं आणि दरवर्षीची वाढ यांवर तासभर घासाघीस होते. लाइट बिलाचा विषय मात्र उठता उठता, चप्पल पायात सरकवताना निघतो आणि ‘त्याचं काय, बघून घेऊ’ म्हणून मिटतो. पुढचे अकरा महिने मग एकमेकांना बघून घेण्यातच जातात. शिरूर तालुक्यातल्या न्हावऱ्यात घोडगंगा साखर कारखाना, त्यात शिरूर-चौफुला रस्ता; अशा गावात रस्त्याकडेच्या जमिनीला पिकापेक्षा शटर अधिक मानवतं. चार गाळे, एक मीटर, बिलाचे सरळ चार वाटे. ही वाटणी न्यायाची दिसते, पण ती फक्त मालकाच्या सोयीची असते. मोबाइल दुरुस्तीवाल्याचा पंखा आणि ट्यूब मिळून 100 वॅट धरा. बारा तासांचे 1.2 युनिट, महिन्याचे 36. शेजारच्या कोल्ड्रिंकवाल्याचा डीप फ्रीजर रात्रीही झोपत नाही आणि पलीकडे फॅब्रिकेशनवाल्याने वेल्डिंग सुरू केलं की बाकीच्यांच्या ट्यूबा माना टाकतात. चौथा हिस्सा भरायचाच म्हटल्यावर मोबाइलवालाही शहाणा होतो आणि रिकाम्या खुर्चीला वारा घालत बसतो. म्हणून प्रत्येक गाळ्याला स्वतंत्र व्यापारी मीटर हवा. अगदीच जमेना तर सबमीटर, आणि किल्ली देतानाचं रीडिंग करारात आकड्यानिशी.

यावर गाळामालक म्हणतात, व्यापारी दर परवडत नाही, घरच्या मीटरवरूनच वायर ओढू. ही काटकसर वीज कायदा 2003 च्या कलम 126 पर्यंत टिकते. एका कारणासाठी घेतलेली वीज दुसऱ्यासाठी वापरली की आकारणी दुप्पट दराने, आणि गैरवापर कधीपासूनचा हे ठरवता आलं नाही तर तपासणीआधीचे 12 महिने धरून. दुसरी शंका जास्त वजनदार: भाडेकरू बिल थकवून रातोरात पसार झाला तर? मीटर आपल्या नावावर असेल तर थकबाकीही आपल्याच नावावर. त्यासाठी अनामत रकमेत दोन-तीन महिन्यांचं बिल धरावं आणि बिलाचा मेसेज स्वतःच्या मोबाइलवर घ्यावा. फ्यूज काढून घरी नेणं हा मालकांचा आवडता उपाय, पण 1999 चा भाडे नियंत्रण कायदा जिथे लागू आहे तिथे त्याचं कलम 29 वीज-पाणी असं तोडू देत नाही. शिवाय फ्यूज बसवायची तार प्रत्येक वायरमनच्या खिशात असते.

पाण्याची गंमत वेगळी. बोअरचं पाणी फुकट, असं सगळेच धरून चालतात. मोटरचं बिल मात्र कोणी धरत नाही. एका गाळ्यात वॉशिंग सेंटर असेल, तर ट्रॅक्टर धुतला जातो तो मालकाच्या युनिटवर. मोटरलाही सबमीटर लावावा आणि तिचं बिल पाणी वापरणाऱ्यांत वापराप्रमाणे वाटावं. आता, ‘एवढा काटेकोरपणा आपल्या माणसांत शोभत नाही’ हा आक्षेप उरतो. तो घेणारे बहुधा डीप फ्रीजरवालेच असतात. बिलातल्या स्थिर आकाराचं तेवढं आधी ठरवावं, कारण दुकान महिनाभर बंद ठेवून ‘एक युनिट जळलं नाही, मग बिल कसलं?’ असं विचारणारा भाडेकरू भेटतोच. भाडेकरू असेपर्यंत तो आकार त्याचा. गाळा रिकामा झाला की मालकाचा, आणि तेव्हा वाद घालायलाही समोर कोणी नसतं.