क्रांतीचे वार्ताहर

वर्तमानपत्राच्या कचेरीत मंत्रालय बीटवाल्याला मान असतो, क्राइमवाल्याच्या ओळखी असतात आणि तंत्रज्ञानवाल्याकडे चार्जर असतात. आमच्या नानांच्या खणात ते इतके साठलेत, की निम्मे कुठल्या यंत्राचे हे आता नानांनाही आठवत नाही.

नाना या बीटवर अपघातानेच आले. 15 ऑगस्ट 1995ला विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं, तेव्हा ते पाणीटंचाई लिहायचे. पण प्रिंटरमध्ये अडकलेला कागद न फाडता बाहेर काढणारे कचेरीत ते एकटेच. संपादक म्हणाले, "तुम्हाला यातलं कळतं. दर गुरुवारी सहाशे शब्द द्या." झाले नाना तज्ज्ञ!

तेव्हापासून दर गुरुवारी क्रांती होते. वायटूकेने जग ठप्प होणार म्हणून 31 डिसेंबर 1999ला त्यांनी घरात मेणबत्त्या आणि दोन किलो पोहे भरून ठेवले. बारा वाजले, दिवे चालूच. घरचे म्हणाले, सुटलो. नाना म्हणाले, "पहिलं पान गेलं."

भाकितांपेक्षा त्यांचे मृत्युलेख सरस. 2013च्या जुलैत तार बंद झाली, तेव्हा नाना असं काही हळवं लिहून गेले की वाचकांची पत्रं आली. वास्तविक त्यांच्या घरी आयुष्यात एकच तार आलेली, तीही शेजाऱ्यांची. पुढच्याच वर्षी ऑर्कुट गेलं. ते अमर असल्याचं नानांनीच लिहिलं होतं, पण कात्रण काढून दाखवण्याइतका दुष्ट माणूस आमच्याकडे नाही. (मी एकदा दाखवलं.)

पंचतारांकित हॉटेलात नवा फोन निघतो. बाकीचे पत्रकार कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल मोजतात. नाना पनीर टिक्का संपवून हात वर करतात आणि वीस वर्षं विचारलेला एकच प्रश्न विचारतात: "यात मराठी नीट उमटतं का?" कंपनीचा टायवाला पोरगा हसून सांगतो, "पुढच्या अपडेटमध्ये, सर." या प्रश्नामागे नानांची जखम आहे. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला त्यांचा मजकूर वेबसाइटवर टाकला, की 'क्रांती'च्या जागी टोप्या घातलेली रोमन अक्षरं दिसायची. युनिकोड आलं, रूपांतराचं सॉफ्टवेअर आलं, तरी रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसायचा. भविष्याबद्दलचा लेख रात्री अकराला एकेक रफार उचलून जागेवर ठेवत दुरुस्त करणारा माणूस मी पाहिला आहे. तेव्हा हसू येत नाही.

2022च्या अखेरीस चॅटजीपीटी आलं. 'आता पत्रकार कशाला?' हा लेख नानांनी लगेच लिहिला. प्रेस नोटच्या पाठकोऱ्या कागदावर, बॉलपेनने.

पंधरा हजारांत कोणता फोन घ्यावा, हे त्यांना जरूर विचारा; उत्तर चोख मिळेल. फक्त गुरुवारचं पान बुधवारी लागतं, त्या दिवशी विचारू नका.