न्हावा शेव्याला उतरलेला पेंग्विन

लिनक्स वापरणारा माणूस आणि नुकताच इगतपुरीहून विपश्यना करून आलेला माणूस यांच्यात फरक एवढाच, की दुसरा निदान दहा दिवस गप्प बसून आलेला असतो. पहिल्याला गप्प बसणं ठाऊकच नसतं. समोरच्याने नुसतं "कॉम्प्युटर स्लो झालाय हो" म्हणायची खोटी, हा त्याला थेट हेलसिंकीला नेतो. तिथला एकवीस वर्षांचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स २५ ऑगस्ट १९९१ रोजी जगाला कळवतो, की मी एक ऑपरेटिंग सिस्टिम करतोय, आपला छंद म्हणून, फार मोठं काही व्हायचं नाही. त्याच्या महिनाभर आधी, २४ जुलैला, दिल्लीत मनमोहन सिंग अर्थसंकल्प मांडून आयातीची दारं उघडत होते. आमचं न्हावा शेव्याचं बंदर तेव्हा जेमतेम दोन वर्षांचं. पुढे काय झालं ते दिसतंच आहे. एका गोष्टीमुळे करळ फाट्यावर ट्रेलरची रांग लागते आणि दुसरीवर जगातले पहिले पाचशेच्या पाचशे सुपरकॉम्प्युटर चालतात.

इथवर ऐकेपर्यंत समोरच्याचा चहा निवलेला असतो आणि कॉम्प्युटर स्लो तो स्लोच.

मीही याच पंथातला, फक्त पोटापाण्यासाठी मौन पाळणारा. द्रोणागिरी ते बंदराच्या गेटपर्यंत क्लिअरिंगची आणि ट्रान्सपोर्टची जी छोटी छोटी ऑफिसं आहेत, त्यांचे कॉम्प्युटर मी बघतो. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा आधार संपला आणि माझा फोन वाजायला लागला. विंडोज ११ घ्यावं, तर त्याला टीपीएम २.० नावाची चिप हवी आणि प्रोसेसरही अलीकडचा हवा. आमच्याकडचे कॉम्प्युटर तसे धडधाकट. दोन पावसाळे गळतीखाली काढलेले, पण चालू. तरी पडद्यावर उत्तर यायचं : अपात्र.

या भागात 'अपात्र' हा शब्द फार जपून उच्चारावा लागतो. बंदरासाठी आणि नवी मुंबईसाठी जमिनी गेल्या, जानेवारी १९८४मध्ये जासईच्या आंदोलनात पाच जणांचे जीव गेले, दि. बा. पाटलांच्या त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली आणि मग सुरू झाले अर्ज. त्यामुळे माझे एक गिऱ्हाईक काका (स्वतः प्रकल्पग्रस्त, पदरी काही ट्रेलर) पडद्यावरचा तो शब्द वाचून म्हणाले, "जमीन गेली तवा मी अपात्र, आता माजा कॉम्प्युटर पन?"

अपात्रांना पदरात घेणारी व्यवस्था म्हणून मी लिनक्स मिंटचा पेनड्राइव्ह काढला. मिंट निवडायचं कारण साधं आहे. मेनू डाव्या कोपऱ्यात, घड्याळ उजव्या कोपऱ्यात, चार जीबी रॅममध्ये बऱ्यापैकी चालतं आणि पेनड्राइव्हवरूनच सुरू करून बघता येतं. नाही आवडलं तर पेनड्राइव्ह काढा, आधीचं सगळं जागच्या जागी.

नवख्याला लिनक्स देताना मी तीन पथ्यं पाळतो. पहिलं, 'डिस्ट्रो', म्हणजे लिनक्सचे निरनिराळे अवतार, हा शब्द काढायचा नाही. त्या शेकडो आहेत असं कळलं की गिऱ्हाईक म्हणतं, "मग आधी सगळे ठरवा आणि एक घेऊन या." दुसरं, त्याच्या हातातला माऊस घ्यायचा नाही, अगदी स्वतःच्या मांडीखाली हात दाबून बसावं लागलं तरी. तिसरं, 'सोपं आहे' म्हणायचं नाही. कारण 'सोपं आहे' ऐकल्यावर माणूस विचारायचं बंद करतो. न आलं तर मूर्ख कोण, हे आधीच ठरलेलं असतं.

काकांच्या ऑफिसात सगळा कारभार एका ताईंच्या हातात. बिलं त्याच करतात, निर्यातीच्या कंटेनरचा फॉर्म तेरा त्याच भरतात, फोनवर ड्रायव्हरांना झाडतातही त्याच. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "सी ड्राइव्ह कुठे गेली?" आता इथे पंथाचा माणूस उत्तर देतो की फाइल सिस्टिमचं मूळ एकच असतं आणि बाकी सगळं त्याच्या फांद्यांवर वगैरे. मी म्हटलं, "तुम्हाला काय उघडायचंय?" त्या म्हणाल्या, "मागच्या महिन्याची बिलं." ती होम फोल्डरमध्ये सापडली आणि सी ड्राइव्हची चौकशी तिथेच मिटली. माणसाला ड्राइव्ह नको असते, बिलं हवी असतात.

दोन दिवसांनी तक्रार आली की एकाच नावाच्या दोन फाइली झाल्यात. एकीच्या नावात पहिलं अक्षर मोठं, दुसरीत लहान. लिनक्सला त्या वेगळ्या वाटतात. आता हे कसं पटवावं, या विचारात मी, तोवर ताईच म्हणाल्या, "बरोबरच आहे. कंटेनर नंबरातला एक आकडा चुकला तर गेटवर ट्रेलर अडतो. इथे पण अडू दे." चार अक्षरं, सात आकडे, त्यातला शेवटचा आकडा आधीच्या दहांचा ताळा, हे सगळं ज्या बाई फोनवर ऐकता ऐकता तपासतात, त्यांना लिनक्स कठीण जाईल असं मानणाऱ्याला खरं तर अपात्र ठरवावं.

काळी खिडकी, म्हणजे टर्मिनल, मी मुद्दाम उशिरा दाखवली. पासवर्ड बदलताना त्यात काहीच उमटत नाही, ठिपकासुद्धा नाही. ताईंनी तीनदा टाइप केला, कीबोर्ड उलटा करून आपटला, त्यातून शेंगदाण्याची सालं पडली. "बिघडलाय." मी सांगितलं, दिसत नसलं तरी आत पोचतंय. त्यांनी काकांकडे बघितलं. "म्हणजे अर्जासारखं." काका म्हणाले, "अर्जाचं पोचल्याचं तरी कुठं कलतं?"

अर्जावरून आठवलं. काकांचा साडेबारा टक्क्यांसाठी फेरविचाराचा अर्ज कॉम्प्युटरवर होता, युनिकोडच्या आधीच्या एका जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला. तो फॉन्ट मिंटमध्ये नाही. लिबर ऑफिसमध्ये फाइल उघडली, तर सर्व्हे नंबरच्या जागी इंग्रजी अक्षरं, डॉलर आणि कंस यांची खिचडी. मी घाईघाईने समजवायला लागलो की अर्ज शाबूत आहे, नुसती अक्षरांची जोडणी बदलून तो युनिकोडमध्ये आणता येतो. काका ऐकत नव्हते. चष्मा कपाळावर चढवून पडद्याकडे बघत होते. मग म्हणाले, "सायबाच्या हापिसात पन यो आसाच उघरत आसंल. म्हनून इतक्या वरसात उत्तर नाय!"

अर्ज युनिकोडमध्ये आणला. उत्तराची जबाबदारी लिनक्सवर नाही.

आता आमच्या पंथाचा हुकमी एक्का. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाचा व्हायरस युक्रेनमधल्या कर भरायच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटला, मर्स्क या बलाढ्य जहाज कंपनीत शिरला आणि तिच्याच समूहाचं आमच्याकडचं गेटवे टर्मिनल ठप्प झालं. मर्स्कने दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर पुन्हा उभे केले. बळी पडली ती सगळी विंडोजची यंत्रं. साऱ्या नेटवर्कची किल्ली ठेवणाऱ्या सर्व्हरांपैकी एकच वाचला, घानातला. कारण नेमकी त्या वेळी तिथली वीज गेली होती. ही कथा मी काकांना रंगवून सांगितली. तात्पर्य 'लिनक्स वापरा' असं निघायला हवं होतं. काका म्हणाले, "लाइट गेली म्हनून वाचले ना? मग आपल्याला कसली भीती? आपली रोज जाते."

लिनक्सवर सगळं चालतं असं मी कुणाला सांगत नाही. टॅली विंडोजवरच चालतं, डिजिटल सहीच्या टोकनचे नखरे वेगळे. म्हणून एक बऱ्या वयाचा विंडोजवाला कॉम्प्युटर कोपऱ्यात ठेवला आहे, सह्या आणि हिशेबांपुरता. बाकी टेबलांवर लिनक्सचा पेंग्विन. नवखा माणूस पळतो तो लिनक्समुळे नव्हे. शंभर टक्के चालेल असं सांगितलेलं नव्वद टक्के चाललं, की पळतो. नव्वदच सांगावं आणि दहाची सोय आधी करून ठेवावी, म्हणजे तो राहतो. ताई तर आता घरच्या कॉम्प्युटरवरही मिंट टाकून घेणार आहेत.

परवा शेजारच्या ऑफिसचे मालक डोकावले. फुकट मिळणाऱ्या गोष्टीकडे व्यापारी माणूस बघतो, तशा संशयाने पडदा न्याहाळत म्हणाले, "फुकट म्हणे? मग खोट कुठे आहे?"

मी तोंड उघडलं. हेलसिंकी ओठांवर आलंच होतं. काकांनी मला हाताने थांबवलं.

"खोट काय नाय," ते म्हणाले. "मालावर ड्यूटी शून्य. पन सोरवाला एजंट लागतो. यो बघ, तो एजंट. डेमरेज लागायच्या आत पकर याला."