जुन्नर-आंबेगावातील भटके दांपत्य : आढळ व सवयी

पाठीवर पिशव्या लावून दुचाकीने जंगल बघायला निघणारे दांपत्य हा जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत आढळणारा हंगामी प्राणी आहे. पहिल्या पावसासरशी तो पुण्याहून वर सरकतो, चाकणच्या कोंडीत दिवसाचे पहिले भांडण उरकतो आणि रानफुले सुकेपर्यंत घाटमाथ्यावर दिसत राहतो. नराला ‘पर्यटक’ म्हटलेले खपत नाही. पर्यटक म्हणजे बसमधून येणारे बाकीचे लोक. जड पिशवी मादीच्या पाठीवर असते, कारण नराच्या पिशवीत कॅमेरा असतो आणि कॅमेऱ्याला धक्का चालत नाही. प्रस्तुत लेखक हा या जातीचा चांगला पोसलेला नमुना असून पुढील बहुतेक निरीक्षणे त्याच्या पत्नीची आहेत.

हा प्राणी प्रथम नाणेघाटात आढळतो. सातवाहनांच्या काळी कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल या वाटेने जुन्नरला चढे. जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण अजून जागेवर आहे. पावसाळ्यात कोकणातून चढणारा वारा कड्यावरून पडणारे पाणी उलटे वर फेकतो. त्याच वाऱ्यात टोपी सावरत नर क्षितिजावरच्या धुरकट पट्टीकडे बोट करतो आणि म्हणतो, “तो बघ, समुद्र!”

“मुरबाड आहे ते,” मादी म्हणते.

घाटातल्या लेण्यात नागनिका राणीचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञांत दान दिलेल्या गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापणे यांचे आकडे त्यात खोदलेले असून भारतातल्या अंकलेखनाच्या जुन्या पुराव्यांत ते मोडतात. भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या, त्यांत नागनिका आणि सातकर्णी हे दांपत्यही होते. मूर्ती गेल्या, वरची नावे तेवढी उरली. अलीकडची दांपत्येही गडांवर आणि लेण्यांत खिळ्याने बदाम कोरून आपली नावे मागे ठेवतात. त्यांनी एखादी शेळीही दान दिल्याची नोंद नाही.

समुद्र न दिसल्याची भरपाई जेवणात होते, कारण या मुलखातला एकमेव सागरी जीव म्हणजे मासवडी. तिच्यात मासा नसतो. बेसन तिखट-मिठाच्या फोडणीच्या पाण्यात घोटून शिजवतात. गुठळी राहिली की खेळ खलास. गोळा चटका देत असतानाच तो ओल्या फडक्यावर पाण्याच्या हाताने थापायचा. वर भाजलेले तीळ, सुके खोबरे, कांदा, लसूण, कोथिंबीर यांचे सारण पसरायचे. मग फडक्याच्या आधाराने गुंडाळी करायची आणि दोन्ही तळहातांनी दाबत तिला तिकोनी पाठ आणायची. सगळी विद्या या दाबण्यात आहे. हात हलका पडला तर कापताना सारण बाहेर येते, जड पडला तर वडीचा चपटा पाटा होतो. वड्या सुरीने कापल्या की पिवळ्या कडेच्या आत काळपट सारण दिसते. सोबत काळ्या मसाल्याचा झणझणीत रस्सा आणि बाजरीची भाकरी. वडी रश्श्यात आयत्या वेळी बुडवावी की आधीच सोडून ठेवावी, यावर नर यूट्यूबवरून मिळवलेले ज्ञान करणाऱ्या बाईंना ऐकवतो. तरीही बाई वाढायच्या थांबत नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. या विषयावर आणखी बरेच लिहिता येईल. मादीच्या मते एवढेही जास्त झाले.

रात्रीचा विषय बिबट्या. कुकडी प्रकल्पाच्या माणिकडोह, येडगाव, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगा या धरणांनी पाणी आणले, पाण्याने ऊस आणला आणि उसात बिबट्याने संसार मांडला. तिथे त्याची पिल्ले जन्मतात, कुत्र्यांवर आणि शेळ्यांवर वाढतात. 2001 नंतरच्या काही वर्षांत या भागात पकडलेले बिबटे दुसरीकडे नेऊन सोडले गेले. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे दाखवून दिले की अशा सोडण्याने माणसांवरचे हल्ले कमी होण्याऐवजी वाढले. माणिकडोहला बिबट्यांचे निवारा केंद्र आहे. नराला मात्र पिंजऱ्यातला बिबट्या नको असतो. त्याला तो ‘नैसर्गिक अधिवासात’ हवा असतो.

“बिबट्या दिसेल का हो?” तो मुक्कामाच्या घरी विचारतो.

“दिसंल की साहेब. रात्री बाराला लाइट येतीय, चला संगं मोटर चालू करायला.”

कॅमेरा चार्जिंगला लावायचा राहिला असल्याचे नराला याच वेळी आठवते. घरमालक बॅटरी आणि काठी घेऊन, मोबाइलवर मोठ्याने गाणी लावून एकटा उसाकडे जातो. तो परत येईपर्यंत त्याची बायको ओट्यावर बसून असते. शेतीला दिवसा वीज द्या, एवढीच या लोकांची मागणी आहे. शहरातून येणारे लोक जे बघायला पैसे मोजतात, ते दिसू नये म्हणून इथे रोज रात्री नवस बोलले जातात. गाण्याचा आवाज पुन्हा अंगणाकडे येऊ लागला तेव्हा मादी त्या बाईंशेजारी बसलेली होती. नर पांघरुणात जागा होता. त्या रात्री त्याने कोणालाही काहीही समजावून सांगितले नाही.

पुढे आंबेगाव तालुक्यात डिंभे धरण लागते. ज्या गावावरून तालुक्याचे नाव पडले ते जुने आंबेगाव डिंभ्याच्या पाण्याखाली गेले. कचेऱ्या घोडेगावात आहेत. पश्चिमेकडे हिरडा गोळा करणाऱ्या महादेव कोळ्यांच्या वाड्या लागतात आणि पुढे 1985 साली घोषित झालेले भीमाशंकर अभयारण्य. इथला मानकरी शेकरू, म्हणजे महाराष्ट्राचा राज्यप्राणी. तांबूस अंग, झुपकेदार शेपूट, मुक्काम झाडांच्या शेंड्यात. तो दिवसा वावरतो, एकापेक्षा जास्त घरटी बांधतो आणि जमिनीवर सहसा उतरत नाही. मादीला तो नुसत्या डोळ्यांनी दिसला: मागच्या पायांवर बसून, फळ दोन्ही हातांत फिरवत, सावकाश खाणारा. नराने लेन्स बदलली, छिद्रमान ठरवले, श्वास रोखला. छायाचित्रात एक फांदी उत्तम आली आहे. कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ती ‘शेकरूचा अधिवास’ या नावाने पाठवण्यात आली.