मामांचं मत आणि लसीचा साठा

८ एप्रिल २०२१ च्या संध्याकाळी मामांचा फोन आला. "भाच्या, लस संपली म्हणं! आरं, संपती कशी?"

आवाजात एवढा संताप होता की मला आधी वाटलं, उसाचं बिल थकलं. मामा कडेगाव तालुक्यातले, म्हणजे जिल्हा सांगली. मी कराड तालुक्यातला, म्हणजे सातारा. ऊस, पाणी आणि पुढारी या तिन्ही बाबतींत आमचं कधी जमत नाही. त्या दिवशी मात्र दोन्ही जिल्हे एका रांगेत उभे होते. साताऱ्यात केंद्रं बंद, सांगलीत बंद, तिकडं पनवेललाही बंद. आदल्या दिवशीच आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी सांगितलं होतं की राज्यात १४ लाख डोस उरलेत, तीन दिवस पुरतील. त्यावर दिल्लीहून तेव्हाचे केंद्रीय आरोग्यमंत्री हर्षवर्धन यांनी कळवलं की तुटवडा वगैरे काही नाही, महाराष्ट्र आपलं अपयश झाकतोय. मामांच्या गावच्या केंद्राच्या दारावर मात्र कागद चिकटवला होता: लस उपलब्ध नाही. कागदाला राजकारण कळत नाही.

आता हेच मामा आठवडाभर काय करत होते ते सांगतो. पंचेचाळिशीच्या पुढच्या सगळ्यांना १ एप्रिलपासून कोरोनाची लस खुली झाली. मामा अठ्ठावन्न वर्षांचे. केंद्र घरापासून हाकेच्या अंतरावर. सिस्टर रिकाम्या बसलेल्या, आणि मामा समोरच्या पारावर केंद्राकडं पाठ करून. रोज नवं कारण. सोमवारी रक्त गोठतं. मंगळवारी ताप येतो, आणि ताप आला की चाचणी करतात, आणि चाचणी केली की उचलून नेतात. बुधवारी आपल्या मातीतल्या माणसाला कसली लस, रात्री सांगलीची हळद घालून दूध प्यायचं. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते खरं. पण ते कोरोनावर मिळालेलं नव्हतं.

त्यात मी एक चूक केली. लस बनवणाऱ्या सीरम कंपनीचा कारखाना पुण्याजवळ मांजरीला आहे, आपल्यापासून दोन-तीन तासांवर, आपलीच लस समजा, असं बोलून गेलो. वर हेही सांगितलं की पूनावालांचा मूळ धंदा घोड्यांच्या पैदाशीचा, घोड्याच्या रक्तातून धनुर्वातावरचं सिरम काढतात, त्यातूनच १९६६ साली ही कंपनी उभी राहिली. मामा ताठ झाले. "म्हंजी घोड्याचं औशद माणसाला?" लस घोड्याची नाही, फक्त मालक घोडेवाले आहेत, हे समजावण्यात अख्खा गुरुवार गेला. गुरुवार म्हणजेच ८ एप्रिल. तोवर लस संपली आणि मामांचं मत बदललं.

यात मामांचा दोष नाही. आपल्याकडं जी वस्तू फुकट आणि मुबलक, तिच्यात काहीतरी काळंबेरं असणारच. आणि जी मिळत नाही, ती आपल्या हक्काची. सिमेंट परवान्यावर मिळायचं आणि पुण्यात तयार होणाऱ्या चेतक स्कूटरसाठी वर्षानुवर्षं नंबर लावावा लागायचा, तेव्हापासूनचा हा हिशेब आहे. त्या काळात चेतक चांगली की वाईट, अशी चर्चा मी कुठं ऐकली नाही. नंबर कधी लागणार एवढंच लोक विचारायचे.

मग ११ एप्रिलपासून पंतप्रधानांनी सांगितलेला 'टीका उत्सव' सुरू झाला. हिंदीत टीका म्हणजे लस. मराठीत टीका म्हणजे टीका, आणि आमच्याकडं तिचाच साठा भरपूर होता, म्हणून उत्सव जोरात झाला. मुंबईनं दिल्लीवर केली, दिल्लीनं मुंबईवर केली, पारावर मामांनी दोघांवरही केली. मुहूर्त होता जोतीराव फुल्यांच्या जयंतीचा. फुल्यांचं मूळ गाव कटगुण, सावित्रीबाईंचं माहेर नायगाव. दोन्ही आमच्या सातारा जिल्ह्यातली. १८९७ च्या जानेवारीत हाफकिननं मुंबईत प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली, आणि त्याच वर्षी १० मार्चला प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई गेल्या. यावर विनोद सुचत नाही. पुढं जातो.

मे महिन्यात साठा आला तेव्हा मामा पहाटे चारला केंद्रावर. त्यांच्याआधी तिथं सात चपला, दोन विटा आणि एक पाण्याची बाटली रांगेत उभी होती. मामांनी आपला टॉवेल ठेवला आणि टॉवेलापाशी पहारा करत बसले. अकरा वाजता टोचून घेतलं. बाही वर केलेला फोटो घरच्या ग्रुपवर आला. दंडावर नव्या बोळ्याशेजारी लहानपणीच्या देवीच्या लसीचा गोल डाग स्पष्ट दिसत होता. खाली मामांनी लिहिलं होतं, सर्वांनी लस घ्यावी.

दुसरा डोस ८४ दिवसांनी. तोवर ऑगस्ट उजाडला, पुढं साठा वाढत गेला, आणि मामांचं मत ओसरलं. जूनमध्ये नाशिकच्या एका गृहस्थांच्या अंगाला लसीनंतर नाणी आणि चमचे चिकटत असल्याची बातमी आली होती. सरकारनं ती खोडली, पण खोडलेलं मामांपर्यंत पोचलं नाही. नोव्हेंबरात 'हर घर दस्तक' म्हणत आशाताई लसीचा डबा घेऊन दारात आल्या, तेव्हा मामा मागच्या दारानं उसात. त्यांचे आजोबा देवी डॉक्टर गावात आला की याच रानात लपायचे म्हणे. जमीन वडिलोपार्जित आहे.

मामींना मात्र कुणी मत विचारलंच नाही. त्यामुळं त्यांचे दोन्ही डोस वेळेत झाले.

सप्टेंबर २०२२ मध्ये लम्पी आला. जनावरांचे बाजार बंद, शर्यती बंद. मामांचा सर्जा अस्सल खिलार, मान अशी की कोल्हापूरच्या पैलवानानं लाजावं. पशुवैद्यकीय दवाखान्याचे डॉक्टर गावात येणार म्हटल्यावर मामांनी पहाटेच सर्जाला धुऊन, शिंगांना तेल लावून पहिला नंबर धरला. मीही त्या दिवशी तिथंच होतो. डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितलं, ही मूळची शेळ्यांच्या देवीची लस आहे, लम्पीवर चालते. मी मामांच्या तोंडाकडं बघितलं. घोड्याच्या वेळी अख्खा गुरुवार खाल्ला होता.

"डाक्टर," मामा कासरा आवळत म्हणाले, "टोचा बिगीबिगी. पुढचा डोस कवा?"

सर्जानं फक्त कातडी थरथरवली. संध्याकाळी त्याला जरा कणकण होती. मामा गोठ्यात बाजलं टाकून झोपले आणि मामींना म्हणाले, "लस लागू पडली म्हंजी अंग तापायचंच." त्याच्या कानात बारा आकडी पिवळा बिल्ला आहे, सगळी नोंद त्यावर. मामांचं प्रमाणपत्र नातवाच्या मोबाइलमध्ये होतं, तो मोबाइल विहिरीत पडला.

मामांचा दुसरा डोस अजून राहिलेलाच आहे. परवा त्यांच्या गावच्या केंद्रात सहज चौकशी केली. कोरोनाची लस आता आमच्याकडं येत नाही, असं सिस्टर म्हणाल्या. हे मी मामांना अजून सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.